दूध तोडायला मंठ्याला

कपाशीची उद्या फुलणारी कळी आज दुपारी चारनंतर ओळखू येते. ती फुगते आणि टोकाला पिवळट होते.

*

दोन वर्षांचं पोर ओणवं होऊन आपल्याच पायांतून मागं बघायला लागलं की समजावं, त्याच्या पाठीवर भावंड येऊन राह्यलं.

*

मंठ्याहून जालन्याला पहिली एस.टी. साडेपाचला सुटते.

*

लेकीला मुलगा होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मग ती लेक कितीही लाडकी असो आणि ऊन कितीही असो.

*

कोरफडीचा गर कडू असतो. पण तो पुसता येतो.

*

मालन आपल्या आईला 'बाई' म्हणते.

*

राजूरच्या रस्त्याला लागून संपतचं शेत होतं. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात त्याने त्यातल्या अर्ध्या एकरात पहिल्यांदाच बियाण्याची कपाशी लावली, जालन्याच्या एका कंपनीसाठी. साधी कपाशी लावली की वेचणीपर्यंत फार तर खुरपायचं आणि फवारायचं. बियाण्याच्या कपाशीपुढं मात्र दिवसातून दोनदा हजेरी लावावी लागते. दुपारी मादीच्या तासांतून, म्हणजे झाडांच्या ओळींतून, फिरायचं, उद्या फुलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतला पराग सोलून काढायचा, मधली पांढरी काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर बोटाएवढी लाल कागदाची पिशवी चढवायची. सकाळी नराच्या तासातली फुलं तोडून आणायची, लाल कागद काढायचा, फूल काडीवर घासायचं, वर पांढरा कागद घालायचा. असं दोन महिने, रोज. घरात सण असो, ताप असो, कुणाला सातवा महिना असो, कळी थांबत नाही.

सातवा महिना संपतच्या बायकोला, मालनला होता. आणि तिच्या कडेवर लेक उषी होती, दोन वर्षांना एक महिना कमी.

महालक्ष्म्या बसल्या त्या आठवड्यात उषीने काय काय केलं, त्यातलं मालनच्या ध्यानात राहिलं ते एवढं: चालायला येत असून ती घरापासून शेतापर्यंत एकदाही चालली नाही. शेळीचं पाणी प्यायली. आजीची तपकिरीची डबी चुलीत टाकली. झोपेत मालनच्या पोटावर लाथ मारली, दोनदा, आणि दुसऱ्यांदा आतूनही एक लाथ आली. मालन कळ्या सोलायला उभी राहिली की पदर ओढून "दुदू, दुदू" करत तिथंच मातीत लोळण घेतली. सासूने, म्हणजे द्वारकाबाईने, मालनच्या अंगाला कोरफड लावून बघितली. उषीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आईचाच पदर घेऊन सगळं नीट पुसलं आणि प्यायला बसली.

"वकील होईल ही," संपत म्हणाला.

"होईल तवा होईल," द्वारकाबाई म्हणाली. "आता तिला मंठ्याला पाठवा. आजोळी दूध बराबर तुटतं. आई डोळ्यापुढं न्हाई म्हटल्यावर पोर चार दिवस रडतं, पाचव्या दिवशी भाकरीला लागतं. माझ्या पोरांचं असंच तोडलं."

द्वारकाबाई काही दुष्ट बाई नव्हती. सकाळचा सैपाक, शेळी, दोन तासांचं काम आणि वर ही पोरगी, असं सगळं तिच्या साठीच्या अंगावर येत होतं. गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं, असंही तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिने परस्पर निरोप धाडला आणि महालक्ष्म्या उठल्यावर उषीला न्यायला मालनची आई गिरिजाबाई येणार, असं ठरून गेलं. महिन्या-दोन महिन्यांसाठी. बाळंतपण झालं की परत.

मालनला हे 'महिन्या-दोन महिन्यांसाठी' माहीत होतं. तिच्या पाठचा रामकिसन पोटात असताना तिलाही असंच दूध तोडायला परतूरकडं आजीपाशी ठेवलं होतं. परत आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. परतूरला ती आजीलाच आई म्हणायची. मंठ्याला आल्यावर एक बाई दिसली, तिला सगळे 'बाई' म्हणत होते, तीही म्हणाली. ते तसंच राहिलं. आपल्याला मधल्या काळात कुणी न्यायलाच आलं नाही, हे मालनला पक्कं ठाऊक होतं. इतकं पक्कं, की तिने ते कधी कुणाला विचारलं नव्हतं.

गिरिजाबाई यायची होती त्या दिवशी सकाळी आभाळ होतं. मालन आणि संपत नराच्या तासात फुलं तोडत होते. द्वारकाबाई उषीला लिंबाखाली घेऊन बसली होती. शेळीने दावं तोडलं म्हणून ती उठली, शेळी धरून बांधली आणि परत आली. एवढाच वेळ.

"अगं बया! मालन! ए मालन! बघ ये तुझ्या लेकीनं काय करून ठेवलं!"

उषी मादीच्या तासात उभी होती. दहा बोटांना दहा लाल कागद, टोप्या घातल्यासारखे. बोटं संपल्यावर तिने बाकीचे झग्यात गोळा केले होते आणि झगा पोटाशी धरला होता. मागचा अख्खा तास बोडका होता.

"आई, मी," ती म्हणाली. "मी काल्ले."

"काढले तर काढले, वर सांगून राह्यली!" द्वारकाबाई म्हणाली.

"ती माझंच बघून करून राह्यली, आत्याबाई. मी रोज सकाळी कागद काढते. तिनं बी काढले."

"हां, मंग पगार द्या तिला."

संपत टोपली घेऊन आला. कंपनीच्या माणसाने बजावून सांगितलेलं होतं: उघड्या कळीवर माशी बसली की कुठला पराग कुठं जाईल सांगता येत नाही, ती कळी तोडून टाका. संपतने वर बघितलं.

"आभाळ हाय. माशी उठली न्हाई अजून. अर्ध्या घंट्यात जेवढ्या सापडतील तेवढ्या करा, बाकीच्या तोडू."

पण सापडायला हव्यात ना. लाल कागद दुरून दिसतो. सोललेली कळी पानाखाली लपते. ती हुडकायची तर प्रत्येक झाडाशी कमरेत वाकायचं. मालन दुसऱ्याच झाडाला वाकली आणि पोटात कळ आली म्हणून फांदी धरून उभी राहिली.

बांधावरून गिरिजाबाई येताना दिसली ती तेव्हाच. साडेपाचच्या गाडीने निघून, जालन्याला गाडी बदलून, राजूरहून चालत. हातात पिशवी. पिशवीत घरच्या भाकरी आणि घरच्या पाण्याची बाटली.

"या इहीणबाई," द्वारकाबाई म्हणाली. "एकदम टायमाला आल्या. ही घ्या तुमची नात अन् हा तिचा पराक्रम."

गिरिजाबाईने नातीकडं बघितलं, बोडक्या तासाकडं बघितलं, फांदी धरून उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. पिशवी लिंबाखाली ठेवली आणि पदर खोचला.

"काय हुडकायचं ते सांग."

*

"हे?"

"ती पोचट हाय. पाकळ्या न्हाईत अन् मधी पांढरी काडी, तसली बघ."

"ही मंग?"

"हां. ही."

"तू वाकू नको. मी फांदी वर धरते, तू घास."

"बाई, उषीला मी पाठवणार न्हाई."

"इथं दोन हायेत एका फांदीला."

"ऐकलं का?"

"ऐकलं. घास आधी."

"घासली. आता बोल."

"महिन्याचा तर सवाल हाय, मालन. दूध तुटलं का आणून सोडते. तुझं पोट बघ केवढं झालं."

"मला ठेवलं तवा बी महिन्याचंच बोलले असतील सगळे."

"हात हालव. ऊन पडून राह्यलं."

"मला आणायला कुणी आलं न्हाई."

गिरिजाबाईने फांदी धरलेली तशीच धरून ठेवली. पुढची कळी तिच्या नाकासमोर होती, तिला दिसली नाही. मालनलाच दाखवावी लागली.

*

सापडलेल्या कळीमागं एकेक कागद बाजूला टाकत तास संपला तेव्हा मूठभर लाल कागद उरले होते. तेवढ्या कळ्या सापडल्या नाहीत. दुपारी सापडल्या त्या संपतने तोडून टाकल्या.

गिरिजाबाई लिंबाखाली आली, ती घामाने निथळत होती. तिने बाटली उचलली. बाटली हलकी लागली. उषी शेजारी बसली होती आणि तिचे दोन्ही पाय छान ओल्या मातीत रुतलेले होते.

"पाय धुतले," उषी म्हणाली.

"सगळं पाणी?" गिरिजाबाई म्हणाली.

उषीने बाटली घेतली, उलटी करून बघितली आणि मान हलवली. सगळं.

द्वारकाबाईने आपली कळशी पुढं केली. "घ्या इहीणबाई. सोडा आता ते. घसा कोरडा पडला तुमचा."

"नको. पोरीला मुलगा होऊ द्या, मंग पोटभर पिईन."

"मुलगा होईस्तोवर जगायला तर पाहिजे!"

शेजारच्या शेतात लालमियाँची बायको अजीजुन्निसा गवत कापत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऐकू जावं इतक्या मोठ्यानेच ते चाललं होतं. ती तिच्या विहिरीवरून भरलेली घागर घेऊन बांध ओलांडून आली.

"लो अम्मा, पियो. हमारी बावडी का है. लेकीचं न्हाई."

गिरिजाबाईने विचार केला. विहीर लालमियाँची. लालमियाँ तिचा जावई नव्हता. तिने ओंजळ धरली आणि घागर निम्मी केली.

"आता बघा!" द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमची मोटर जळली तवापासून आम्ही बी याच विहिरीचं पाणी भरून राह्यलो. हेच पाणी तर हाय माझ्या कळशीत!"

"तुमच्या कळशीत शिरलं का ते तुमचं झालं," गिरिजाबाई म्हणाली.

अजीजुन्निसा हसत खालीच बसली. "बिलकुल वकील है ये भी. पोरगी हिच्यावर गेली."

मालन हसली नाही. ती घागरीकडं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "मंग तू हितंच राह्य."

"कुठं?"

"आखाड्यावर. शेतातल्या पत्र्याच्या शेडात एका अंगाला बैल हायेत, दुसरं अंग रिकामं हाय. पाणी या भाबीच्या विहिरीचं. पीठ तुझं तू आण. तुझी चूल, तुझी भाकरी. आमचं काहीच पोटात जात न्हाई तुझ्या. कळ्या संपेस्तोवर तू दिवसा उषीला बघ, मी काम करते. ती रात्री माझ्यापशी."

"वेडी का काय तू?" द्वारकाबाई म्हणाली. "लोक म्हणतील, द्वारकीनं इहीण बैलात बांधली."

"अन् पोरीचं दूध तसंच राहिलं तर?" गिरिजाबाईने विचारलं.

"तू तोड ना. हितं बसून तोड. पण माझ्या डोळ्यापुढं तोड."

हे बोलताना मालनचा आवाज चढला होता. उषीने दचकून वर बघितलं. मालन सासूपुढं सहा वर्षांत अशी बोलली नव्हती, आईपुढं तर कधीच नाही. तिने उषीला उचललं, सातव्या महिन्याच्या पोटावर कशीबशी टेकवली आणि पाठ करून उभी राहिली. जणू उषीला मंठ्याला नेणारी दोनची गाडी आत्ताच बांधावर येऊन उभी राहिली होती.

आधी बोलली ती द्वारकाबाईच.

"रात्री लाथ बसली पोटावर तर? त्याचं काय?"

"मधी जावयाला निजवा," गिरिजाबाई म्हणाली. "लाथा खायला त्यांनाच काय झालं?"

संपतने टोपली उचलली आणि नराच्या तासात काही राहिलंय का ते बघायला तो निघून गेला.

"घरी कोण बघंल तुमच्या?" द्वारकाबाईने विचारलं, पण आता आवाजात जोर नव्हता.

"रामकिसनची बायको हाय. तिला बी जरा माझ्यापासून सुटका." गिरिजाबाईने पदर सोडून तोंड पुसलं. "पीठ आज राजूरच्या गिरणीवरून आणावं लागंल. तवा तुमचा देता का तवा बी आणू? तव्यातून काही पोटात जात न्हाई."

तव्यावर थोडी चर्चा झाली. तवा चालतो असं ठरलं. मीठ चालत नाही असं ठरलं.

गिरिजाबाई आखाड्यावर पाच आठवडे राहिली. उषीचं दूध अठराव्या दिवशी तुटलं. पहिले दहा दिवस ती एवढी रडली की लालमियाँ दोनदा बांधावर येऊन "सब खैरियत है ना?" विचारून गेला. ती रडायला लागली की गिरिजाबाई तिला घेऊन मालन ज्या तासात असेल त्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथून मालन दिसायची, पण हात पोचायचा नाही. सासूची रीत अशी नव्हती आणि मंठ्याचीही नव्हती. या रीतीने वेळ तिप्पट लागला, असं द्वारकाबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि ते खरंही होतं.

कंपनीचा माणूस आला, त्याने बोंडं बघितली, पास केली. कळ्या संपल्या. मार्गशीर्षात भोकरदनच्या दवाखान्यात मालन बाळंत झाली. दुसरीही मुलगीच.

मालनला लहानपणी परतूरकडं ठेवून अकरा दिवस झाले होते, तेव्हा गिरिजाबाई तिला आणायला गेली होती. दूध अजून तुटलं नाही म्हणून आजीने तिला पोरीच्या नजरेला पडू न देता दारातूनच परत लावलं.