गेट लावल्यावर पाऊस कुठे जातो

कॉम्प्युटरवर वादळं उठवायची आणि पाणी कुठेकुठे शिरतं ते बघायचं, हा तिचा रोजचा उद्योग. घरचे तिला ‘वादळीण’च म्हणत. दोन वर्षांत शहरावर तिने चार हजार वादळं सोडली होती, पण एक गोष्ट सलत होती. खालच्या वस्तीतलं प्रसूतिगृह बारा वर्षांपूर्वी साध्याशाच वादळात कमरेइतकं बुडालं होतं. तिच्या हिशेबात मात्र ते कोरडं ठणठणीत राहायचं.

शेवटी तिने मामाला गाठलं. खाडीच्या तोंडावरचं लोखंडी गेट त्याने तीस वर्षं सांभाळलेलं.

“समुद्र चढला की गेट बंद, मग पाणी आलं कुठून?” तिने विचारलं.

“अगं, समुद्र नाही आला. पण पाऊस जाणार कुठे? गेट लावलं की नाल्याचं पाणी आतच तुंबतं. त्या दिवशी भरती आणि पाऊस हातात हात घालून आले. उघडावं तर समुद्र आत, लावावं तर नाला वर. इकडे आड, तिकडे विहीर! आणि लोक अजून मलाच बोल लावतात.”

ती चमकली. समुद्राचं वादळ तिने गेट लावून चालवलं होतं आणि पावसाचं वादळ गेट उघडं ठेवून. दोन्ही एकत्र कधीच नाही! तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून दोन्ही एकदम सोडली. तिसऱ्याच वादळात नकाशावरचा प्रसूतिगृहाचा चौकोन पाण्याने निळा झाला.

“मामा, त्या जागी कुणीही असतं तरी पाणी भरलंच असतं.”

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

ती हे सगळं घेऊन पालिकेत पंप मागायला गेली, तर इंजिनिअरसाहेबांनी आधी हात झटकले. “असं शंभर वर्षांत एकदा होतं, बाई.”

“एकट्या समुद्राने किंवा एकट्या पावसाने बुडायचं तर, साहेब. पण साधी भरती आणि साधा पाऊस जोडीने दर दहा-बारा वर्षांनी येतात, आणि बुडायला तेवढं पुरतं.”

मग मामानेच साहेबांना गेटवर नेलं आणि भिंतीवरची जुन्या पाण्याची रेघ दाखवली. साहेब विरघळले. सहा महिन्यांत गेटशेजारी चार मोठे पंप बसले.

पुढच्याच वर्षी भर दुपारी, ऐन भरतीत वादळ आलं. गेट लागलं, पंप घरघरले, नाल्याचं पाणी गेटवरून पलीकडे पडू लागलं. ती जीव मुठीत धरून फोनजवळ बसली होती. चारला प्रसूतिगृहातल्या सिस्टरचा फोन आला.

“पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलंय. आणि आत्ताच मुलगी झाली, चांगली तीन किलोची!”