थरथरी मायचा ओटा

तिचं नाव तानुबाई होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ओट्यावर ते कुठंच नाही. ओट्यावर शेंदूर फासलेला दगड आहे, हिरव्या बांगड्यांचा ढीग आहे, नारळाच्या शेंड्या आहेत. दर मंगळवारी पिंपळगाव राजापासून खामगावपर्यंतची माणसं तिथं येतात आणि ‘थरथरी माय, सांभाळ’ म्हणत डोकं टेकवतात. ही थरथरी माय म्हणजे माझी आई. ती देवी नव्हती. तिला दुखणं होतं.

आमचं खेडं पिंपळगाव राजाच्या अलीकडचं, घर माळ्याचं. वडील लवकर गेले आणि वांग्या-मिरच्यांचा मळा तिनं एकटीनं ओढला. मेथीच्या जुड्या बांधायला बसली की तोंडानं शेजारणीशी भांडण आणि हातानं जुड्या, दोन्ही सारख्याच झपाट्यानं चालत. खामगावच्या बाजारात कुणी गिऱ्हाइकानं मिरची नाकाला लावली की ती म्हणायची, “घ्याची असन त घे, माह्या मिरचीचे मुके कायले घेतं?” गळा तिला अजिबात नव्हता, तरी जात्यावर बसून इतक्या जोरात गायची की गल्लीतली कुत्री उठून जायची. अशी बाई होती. ओट्यावर येणाऱ्यांना यातलं काही सांगा, त्यांना राग येतो.

मोठ्या तापाची साथ येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला वरवट बकालहून माहेरी आले होते. तेव्हा तिचा उजवा हात हलायला लागलेला मी पहिल्यांदा पाहिला. हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा बोटावर घासत राहायचा, वाती वळल्यासारखा.

“माय, काऊन वाती वळून राह्यली वं?” मी चेष्टेनं विचारलं.

“मी नाई वळत वं शालू,” ती म्हणाली. “बोटंच वळतात आपल्या मनानं.”

हातात काही दिलं की मात्र तो थांबायचा. विळा द्या, तांब्या द्या, वांगं द्या, माझी तान्ही पोर द्या, हात एकदम शहाणा. रिकामा झाला की पुन्हा सुरू. पुढं पायही हलायला लागला, मग मान. चेहरा ताठ झाला, हसली तरी कळेना, पापणी मिटेना. आवाज इतका खाली गेला की ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. आख्ख्या बाजाराशी भांडणारी बाई, आणि तिचा आवाजच गेला. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

चालताना पाय जमिनीला चिकटायचे, उंबऱ्याशी तर हटकून. ढकललं तर पडायची. एकदा मी दारापुढं रांगोळीची रेघ ओढत होते. ती आली, अडली, रेघेकडे बघत राहिली आणि सरळ टांग टाकून पलीकडे गेली. का ते मला आजही कळलेलं नाही. पण तेव्हापासून मी चुलीतली राख मुठीत ठेवायची आणि ती अडली की तिच्या पायापुढं एक रेघ ओढायची. रेघ दिसली की पाय उचलायचा.

त्याच सुमारास एका नवरात्रात देवळात आरती चालली होती. माय खांबाशी बसलेली. डफाचा आवाज वाढला तसा तिचा हात वाढला, मान वाढली, सगळं अंग हलायला लागलं. गर्दीत गोंधळली की तिचं असंच व्हायचं. आमची शेजारीण अंबूबाई किंचाळली, “आली! तानुबाईच्या अंगात माय आली!” कुणीतरी धावत येऊन मायच्या हातात नारळ ठेवला.

आणि हात थांबला. थांबणारच होता. वांगं ठेवलं असतं तरी थांबला असता. पण सगळं देऊळ जमिनीवर आडवं झालं. मी ओरडून सांगत होते, “अवं, तिले दुखणं हाये!” कोण ऐकतं? माझ्या धाकट्या भावानं, हिंमतरावानं, मला हाताला धरून मागं ओढलं.

तो तेव्हा तिशीचा होता. मळ्यात राबायचा त्याला कंटाळा. त्या नवरात्रानंतर त्याला राबावं लागलं नाही. मंगळवार ठरला, चौरंग आला. सकाळी मायचे केस मोकळे सोडायचे, कपाळभर मळवट भरायचा आणि तिला चौरंगावर बसवायचं, ते दिवस मावळेपर्यंत. पाठीला टेकू नाही, कारण देवी टेकून कशी बसेल? तिची न मिटणारी नजर म्हणजे देवीची नजर. ती उंबऱ्याशी अडली की देवी रुसली. तिची लाळ गळायची, ती पुसलेलं फडकं फाडून लोक पोरांच्या गळ्यातल्या ताइतात भरायचे. मला हे लिहितानाही किळस येते. मायची नाही, त्या फडकं फाडणाऱ्यांची.

आणि ती बोलायची तेव्हा हिंमत तिच्या तोंडाशी कान न्यायचा, डोळे मिटायचा आणि लोकांना सांगायचा, “माय म्हणते, पाच मंगळवार करा.”

मी माहेरी गेले की तिच्याजवळ जाऊन बसायची. माझे कानही चांगले होते. ती म्हणायची, “मले आडवं होऊ दे.” दर वेळी तेच. “पाठ मोडली रे हिंमत, मले आडवं होऊ दे.” आणि हिंमत म्हणायचा, “माय म्हणते, लिंबू उतरवून टाका.”

एकदा तो सासुरवाडीला गेलेला पाहून मी मायला बैलबंडीत घातलं आणि खामगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हातारा होता, शांत होता. त्यानं तिला चालवून पाहिलं, मनगट फिरवून पाहिलं. म्हणाला, “बाई, हा कंपवात आहे. बरा होत नाही. हे औषध द्या, थोडं सैल वाटेल. गर्दीत नेऊ नका आणि त्यांना हवं तेव्हा आडवं पडू द्या.” कडू औषधाची बाटली घेऊन मी मायला परस्पर वरवटला माझ्या घरी नेलं. दोन दिवस ती माझ्या ओसरीवर वाकळीत झोपली. नुसती झोपली. झोपेत तिचं अंग अगदी स्थिर असायचं, आणि मी बघत बसायची, कारण तेव्हा ती पहिल्यासारखी दिसायची.

तिसऱ्या दिवशी हिंमत बंडी घेऊन दारात. बरोबर गावची चार माणसं. देवी पळवली म्हणून.

“लेकीच्या घरी माय राह्यते काय?” तो माझ्या सासूला म्हणाला, माझ्याशी नाही. सासूला तेवढंच हवं होतं. माझा नवरा खाली मान घालून बसला. मी हिंमतच्या हातात बाटली दिली आणि डॉक्टर जे बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं.

“डाक्टरले देवीतलं काय समजते?” तो म्हणाला. पण बाटली त्यानं टाकून दिली नाही, खिशात घातली. हे मी लक्षात ठेवलं.

माय बंडीत बसताना अडली. मी रेघ ओढली नाही. तिला चौघांनी उचलून ठेवलं.

वर्षभरानं ती गेली, बुधवारी. मंगळवार पुरा करून. हिंमतनं गावभर सांगितलं की मायनं समाधी घेतली. मळ्यात जिथं वांग्यांचे वाफे होते तिथं त्यानं ओटा बांधला. तोवर घरावर कौलांच्या जागी टिनं आली होती. बारशाला, लग्नाला आम्ही दोघं भेटायचो, पण मी त्याच्या घरचं पाणी प्यायले नाही. तानुबाई हे नाव मी माझ्या नातीला ठेवलं तेव्हा तो म्हणाला, “देवीचं नाव पोरीले ठेवतात काय?” मी म्हटलं, “देवीचं नाव मले माहीत नाई. मायचं ठेवलं.”

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, त्या दिवसांत हिंमत एकटाच माझ्या दारी आला. माझा नवरा आणि सासू दोघंही तोवर गेले होते, घर माझं होतं. हिंमत पन्नाशीला आलेला. डावा हात कोटाच्या खिशात. चहा दिला तरी तो हात बाहेर काढेना.

“बाई,” तो म्हणाला, “ते खामगावचं औषध... कोणतं होतं ते?”

मी म्हटलं, “हात काढ.”

त्यानं काढला. हात मांडीवर ठेवला. अंगठा बोटावर वाती वळत होता.

“देवी आली काय रे?” मी विचारलं. मला विचारायचंच होतं. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या पोटात होतं.

तो रडायला लागला. “बाटली कुठं गेली?” मी विचारलं. तेव्हा कळलं की दिव्यामागच्या कोनाड्यात ती वर्षभर पडून होती. त्यानं एकदाही मायला दिली नव्हती. हात थांबला तर मंगळवार थांबेल, एवढं त्याला कळत होतं. म्हणजे सगळंच कळत होतं.

लोक म्हणतील, देवानं न्याय केला. मी नाही म्हणत. हा न्याय असेल तर मायनं काय केलं होतं? दुखणं आलं, तिला आलं तसं त्यालाही आलं. मी त्याला खामगावला नेलं. डॉक्टर दुसरा होता, बोलला तेच. परत येताना हिंमत म्हणाला, “उत्तमले सांगू नको.” उत्तमराव त्याचा मुलगा. ओट्याचं सगळं आता तोच पाहत होता.

पण कंप काही खिशात राहत नाही. पुढच्या नवरात्रानंतर कडूबा बांगडीवाला गावोगाव फिरत माझ्याकडे आला आणि माझ्या नातीला बांगड्या चढवता चढवता मला म्हणाला, “आत्याबाई, तुमच्या हिंमतरावाच्या अंगात माय आली. मंगळवारी ओट्यावर बसवतात त्याईले. लय गर्दी हाये.”

नातीला तिथंच सोडून मी उठले आणि गडी माणसाला बंडी जुंपायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पोचले तेव्हा ऊन मावळतीला लागलं होतं. ओट्यावर तोच चौरंग. त्याच्यावर हिंमत, कपाळभर मळवट, पाठीला टेकू नाही. शर्टाची छाती लाळेनं भिजलेली. समोर बाया खणानारळाच्या ओट्या घेऊन बसलेल्या. हिंमतचे ओठ हलले. उत्तमरावानं कान नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, “माय म्हणते, पाच मंगळवार करा.”

मी गर्दीतून वर गेले आणि माझा कान हिंमतच्या तोंडाशी नेला.

“बाई,” तो म्हणत होता, “मले आडवं होऊ दे वं.”

मी गर्दीकडे वळले. “ऐका रे! हा हिंमतराव हाये. याले कंपवात हाये, खामगावच्या डाक्टरनं सांगितलं. याच्या मायलेही तोच होता. तानुबाई नाव होतं तिचं, वांगे इकत होती, देवी नव्हती! तुम्ही तिले मरेपर्यंत बसवलं रे, तुम्ही साऱ्याईनं!” माझा आवाज फाटला. हात कापत होते, मान कापत होती, रागानं सगळं अंग थरथरत होतं.

पहिल्या रांगेतल्या बाईनं कपाळ जमिनीला टेकवलं. मग दुसरीनं. “बहिणीवरही आली,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळी माणसं पिकासारखी लवली. उत्तमराव नारळ घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत भक्ती होती की हिशेब, ते मला सांगता येणार नाही. त्यानं नारळ माझ्या हातात ठेवला.

मी नारळ खाली टाकला. बोलून उपयोग नव्हता, हे त्या क्षणी कळलं. जे बोलेन ते देवीचं होणार होतं. मग म्हटलं, देवी तर देवी. “माय म्हणते,” मी ओरडले, “हिंमतले मी नेणार! जो आडवा येईन त्याचं घर बसन!” उत्तमराव दोन पावलं मागं सरला.

हिंमतला काखेत हात घालून उठवलं. ओट्याच्या कडेशी त्याचे पाय चिकटले. मी ताटातलं कुंकू मुठीत घेतलं आणि त्याच्या पायापुढं रेघ ओढली. त्यानं रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टांग टाकून उतरला.

बंडीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. गाव मागं गेल्यावर म्हणाला, “बाई, मायची पाठही अशीच दुखे काय?”

“हाव,” मी म्हटलं. “तिनं तुलेच सांगितलं होतं.”

पुढं कडूबानं सांगितलं की उत्तमरावानं त्या रेघेच्या चहूबाजूंनी विटा लावल्या आहेत. लोक तिथलं कुंकू कपाळाला लावतात, आणि कमी झालं की तो नवं टाकतो.

हिंमत माझ्याकडेच आहे. मंगळवारी मी त्याची वाकळ ओसरीवर घालते, माय झोपली होती तिथंच. तो आडवा होतो. झोप लागली की त्याचा हात थांबतो, आणि मी त्याच्या अंगावर पांघरूण घालते. मायनं एवढंच मागितलं होतं.