गालाचा दोरा

पुण्याला म्हणे हल्ली गालाच्या कातडीखाली दोरे घालतात आणि लोंबलेला चेहरा वर ओढून घेतात. कापाकापी नाही, दवाखान्यात राहणं नाही. नात मला हे मोबाइलवर दाखवत होती, काहीतरी मोठं अप्रूप असल्यासारखं. मी म्हटलं, बाई, आमच्या वालूरला हे चौऱ्याऐंशी सालीच झालंय, आणि तेही सुई न टोचता.

झालं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे कमलबाईंच्या चेहऱ्याचं. आमच्या घरात त्यांच्याइतकं आनंदी माणूस दुसरं नव्हतं. पण पन्नाशी आली तसे त्यांचे गाल उतरले आणि उतरताना ओठांची टोकंही खाली घेऊन गेले. पोट धरून हसल्या तरी बघणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच कुणाला तरी पोचवून आली. बाजारात बायका दबक्या आवाजात विचारायच्या, "कोण गेलं वो?" आम्हा घरच्यांना सवय होती. आम्ही त्यांच्या डोळ्यांकडं बघायचो.

पंचाईत झाली ती उद्धवच्या लग्नाची. उद्धव त्यांचा एकुलता एक, येलदरीच्या वीजघरात नोकरीला. पहिली मुलगी बघून आलो. सगळं पसंत, आणि आठवडाभरात निरोप आला, "मुलाची आई तोंड पाडून बसली व्हती. अशा घरात लेक द्यायची न्हाई." दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं. आपल्या तोंडापायी लेकाचं लग्न मोडतंय, हे कुठल्या आईला सोसेल? कमलबाई चुलीपाशी बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढ्यात हेही दिसलं की रडताना आणि हसताना त्यांचा चेहरा तोच राहतो.

मग परभणीची हेमा निघाली. उद्धवनं तिला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि केली तर हीच, असा हट्ट धरून बसला होता. हे मोडलं असतं तर पोरगं कायमचं बिनलग्नाचं राहिलं असतं.

"म्या येत न्हाई," कमलबाई म्हणाल्या. "तुमीच जावा."

"अन् आई का आली न्हाई म्हणून इचारलं तर? मेली म्हणून सांगू का?" मी म्हटलं आणि तडक बन्सीधरला गाठलं.

बन्सीधरचं किराणा दुकान होतं. जत्रेच्या नाटकात मात्र तो राणी व्हायचा. त्यानं पन्नाशी ओलांडली होती, पण पडदा वर गेला की राणी पंचविशीची. कशी, ते तो कुणाला सांगत नसे. माझ्यापुढं त्याचं काही चाललं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तो मागच्या दारानं आला. चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, त्यांत गोधडीचा दोरा ओवला आणि कमलबाईंच्या कानांपुढं दाबून बसवले. दोन्ही दोरे केसांखालून मागं नेऊन ओढले आणि अंबाड्यात गाठ मारली. गाल वर, ओठांची टोकं वर. त्यावर पदर घेतला की झालं.

"जास्त बोलू नका, अन् लाडू तर खाऊच नका," त्यानं बजावलं.

कमलबाईंनी आरशात पाहिलं. "अगं बया," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या, "ही तर माझी धाकटी बहीण."

सेलूहून रेल्वेनं परभणीला गेलो. हेमाचे वडील दिनकरराव कृषी विद्यापीठात कारकून होते. सुरुवात इतकी छान झाली की मी मनातल्या मनात मांडवाची जागा ठरवून टाकली. हेमाची आई, सुलाबाई, नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या, "मुलाची आई लय हसतमुख हाय." कमलबाई लाडवाला नको नको म्हणत होत्या आणि ती त्या लोकांना अदब वाटत होती.

मग सुलाबाईंनी आपल्या सासूचा विषय काढला. सासूबाई दिवाळीतच गेल्या होत्या. "हेमावर लय जीव व्हता त्यांचा. नातीचं लग्न बघायचं व्हतं, ते राहून गेलं," असं म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आमच्या कमलबाई मेणाहून मऊ. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण गाल दोऱ्याला बांधलेले. सुलाबाईंनी मान वर केली तर समोर होणारी विहीण कान ते कान हसत बसलेली.

दिनकररावांनी कप खाली ठेवला. "माझी आई गेली, याचं हसू यायलंय का तुमाला?"

उद्धवनं माझ्याकडं पाहिलं. मी सावरायला तोंड उघडलं, तोच कमलबाईंनी परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर काढला, हात मागं नेला आणि गाठीसकट दोरा ओढला. चिकटपट्ट्या निघाल्या, कानांपुढं लाल वळ उठले आणि गाल आपल्या जागी येऊन बसले.

"दादा, माझं तोंड म्या पाडलेलं न्हाई, ते पडलेलं हाय," त्या म्हणाल्या. "हसले तरी असंच दिसतंय. दोन ठिकाणी पोराचं लग्न याच्यापायी मोडलं, म्हणून बांधून आले. तुमच्या आईचं आइकून मला लय वाईट वाटलं. पर या दोऱ्यानं ते दिसू दिलं न्हाई."

हेमा उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली, कमलबाईंच्या शेजारी बसली आणि वळांवर तेल लावू लागली.

"लय दुखलं का, मावशी?"

"न्हाई गं."

"आता हसायलात का तुमी?"

"व्हय."

हेमानं त्यांच्या डोळ्यांकडं नीट पाहून घेतलं. "बरं," ती म्हणाली, "ध्यानात ठेवते." सुलाबाईंनी डोळे पुसले आणि लाडवाचं ताट पुन्हा पुढं केलं. कमलबाईंनी दोन खाल्ले.

लग्न वैशाखात झालं. फोटोवाला परगावचा होता. सगळ्यांना उभं केल्यावर तो कमलबाईंकडं बघून ओरडला, "मुलाची आई, तोंड नका पाडू. जरा हसा की."

नव्या नवरीनं मान खाली घालून उभं राहायचं, अशी आमच्यात रीत. हेमानं मान वर केली.

"हसायल्यात त्या," ती म्हणाली. "काढा तुमी."

तो फोटो अजून भिंतीवर आहे. घरी येणारे विचारतात, या बाईला त्या दिवशी काय झालं होतं? मी सांगते, लय खूश होती.