पानी आलं वोऽ

"आगं, समुद्र कुठं गेला?"

व्यंकटराव गाडीच्या पायरीवर थबकले होते, एक पाय वाळूत, एक पाय वर. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी त्याला अगदी उशाशी ऐकलं होतं. कानानं नाही, गाडीच्या पत्र्याला टेकलेल्या पाठीनं. आणि आता, सकाळी सहाला, समोर नुसती ओली वाळू. फार लांब एक पांढरी किनार हलत होती. तेवढीच.

धुरपताबाई नारळाच्या बुंध्याशी बसून दात घासत होत्या. "गेला आसंल परसाकडं. येईल की."

"हसू नको. एवढं पानी आपलं आपण जातंय व्हय? कुणीतरी बंद केलंय."

"कोन बंद करंल? तुमी तर रिटायर झालात."

त्यांचा मुलगा संघपाल गाडीच्या टपावर चढून टाकीत डोकावत होता. तो वरूनच हसला. "दादा, ओहोटी म्हणतेत त्याला."

"मंग सोडायची पाळी कवा हाय?"

"कसली पाळी?"

"बंद केल्यालं पानी परत सोडत्यात. टाईम इचार कुणाला तरी."

कुणी विचारला नाही.

संघपालचं लातुरात गॅरेज होतं. नांदेडच्या एका शाळेची मोडीत निघालेली बस त्यानं आणली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. दोन मजली बाकं, शेगडी, बेसिन, टपावर पाण्याची टाकी, दारावर गुंडाळून ठेवता येणारी ताडपत्री. वैशाख पुनवेची सुट्टी धरून घरगाडी पहिल्यांदा बाहेर काढली, ती थेट कोकणातल्या ह्या बेटावर. फेरीबोटीवर गाडी चढवली तेव्हा व्यंकटरावांनी डोळे मिटून गजाला जे धरलं, ते पलीकडचा किनारा लागेपर्यंत सोडलं नाही. सहा वर्षांची नात महामाया त्यांच्या पायाला बिलगून विचारत होती, "आबा, खाली नळ हाय का?"

कॅम्पची जागा म्हणजे नारळाची वाडी, दिव्याचे चार खांब आणि गोड्या पाण्याचा एक नळ. वाडीच्या मालकीणबाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, "नळाला पाणी अकराला येतं. आणि गाडी त्या पांढऱ्या दगडाच्या खाली नेऊ नका हां. उद्या पुनव. उधाण असतं."

"उधाण म्हंजे?" संघपालची बायको विशाखा हिनं विचारलं.

"पाणी वर येतं."

"येऊ द्या की बाई," संघपाल म्हणाला होता, "आमी लातूरचे हाव. पानी येतंय म्हणल्यावर कुणी पळतंय का?"

सगळे पोट धरून हसले. मालकीणबाईही हसल्या. व्यंकटरावांना मात्र हसू आलं नाही.

एकतीस वर्षं ते लातुरात व्हॉल्वमन होते. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी पाणी, हे शहरानं त्यांना विचारायचं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, कमरेइतकी उंच लोखंडी चावी आत घालायची, तिचा आडवा दांडा दोन्ही हातांनी फिरवायचा. मग दांड्याला जबडा टेकवून ऐकायचं. पाणी निघालं की लोखंड बोलतं. कान पुढे मंद झाले, पण हे ऐकणं गेलं नाही. "मी हाडानं ऐकतो," असं ते म्हणायचे. आणि पाणी पोहोचायच्या आत ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाक घालायचे: "पानी आलं वोऽऽ!" शेवटचा सूर लांबवत, पतंगाची दोरी सोडावी तसा. त्या हाकेनं पोरं उठत, चुली सुटत, भांडणं मधेच राहत. धुरपताबाईंनी त्यावर एक ओवी रचली होती, नवऱ्याला चिडवायला:

पानी आलं आलं, हाक आली गल्लीतून
घागर उठली बाई, झोपेच्या पदरातून

व्यंकटरावांचे वडील गावच्या विहिरीच्या चौथऱ्याखाली घागर ठेवून वाट बघत उभे राहत. वरून कुणी ओतलं तर पाणी. मुलाला नोकरी लागली त्या दिवशी म्हातारा ती चावी मांडीवर आडवी घेऊन कितीतरी वेळ नुसता बसून होता.

रिटायर होताना ऑफिसची चावी जमा झाली. व्यंकटरावांनी लोहाराकडून तशीच एक करून घेतली. ती काठीसारखी हातात असायची. समुद्राला निघतानाही ती गाडीत आली तेव्हा विशाखा म्हणाली होती, "मामा, समुद्राचा वॉल फिरवता का काय?"

सकाळचा चहा झाला. त्रिशरण झालं. संघपालला वाटलं, गाडीचं दार थेट समुद्राकडं उघडलं पाहिजे. वाळू घट्ट होती, सायकलीही चालत होत्या. पांढऱ्या दगडापाशी त्यानं क्षणभर ब्रेक दाबला.

"संघपाल, बाईनं काय सांगितलं?" व्यंकटराव म्हणाले.

"दादा, समुद्र बघा कुठं हाय. तिथून इथवर यायला त्याला रिक्षा करावी लागंल."

गाडी खाली गेली आणि वाळूच्या एका लांबट उंचवट्यावर उभी राहिली. ताडपत्री ताणली, खुर्च्या मांडल्या. घाटात ओकून ओकून दमलेली महामाया वरच्या बाकावर पुन्हा झोपी गेली. साडेदहाला संघपाल आणि विशाखा बादल्या घेऊन वाडीतल्या नळावर निघाले. धुरपताबाई धुण्याची बोचकी घेऊन मागोमाग.

"पोरीकडं ध्यान ठिवा," त्या म्हणाल्या.

व्यंकटराव खुर्चीत बसले. समुद्र जवळ येत होता, ते त्यांना दिसत होतं. पण तो समोर होता आणि अजून लांब होता. त्यांचा जीव मात्र समोर लागेना. पाठीला काहीतरी होत होतं. पाठ गार पडत होती.

ते उठले. चावी वाळूत रोवली, वाकून दांड्याला जबडा लावला आणि डोळे मिटले.

पाणी निघालं होतं. मोठ्या लाईनचं पाणी, भरलेलं, मधे हवेचा बुडबुडाही नसलेलं. आणि ते समोरून येत नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

गाडी आणि वाडी यांच्या मधे सकाळी एक उथळ चर होता, त्यांनी तो चपला न भिजवता ओलांडला होता. आता तिथं पाणी होतं. लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. खाडीच्या बाजूनं ते गुपचूप आत शिरलं होतं आणि आरशासारखं चकाकत रुंद होत होतं. गाडीखालची वाळू तेवढी कोरडी होती. चारी बाजूंनी समुद्र.

पलीकडे नळाभोवती माणसं दिसत होती. संघपालचा लाल शर्ट दिसत होता. व्यंकटरावांनी छाती भरून घेतली. एकतीस वर्षांची हाक बाहेर पडली.

"पानी आलं! पानी आलं!"

नेमका तेव्हाच नळ फुरफुरला आणि धार लागली. नळावर एकच हशा पिकला.

"बघा, मामांनी तिथून ओळखलं!" विशाखा म्हणाली.

संघपालनं बादली डोक्यावर धरून हलवली. "आलं दादाऽ, आलं! भरायलो!"

"पानी आलं रे!"

त्यानं पुन्हा हात हलवला.

व्यंकटरावांचं तोंड उघडंच राहिलं. ते दुसरा शब्द शोधत होते. पळा म्हणावं? वाचवा म्हणावं? पाणी येऊ नये म्हणून ओरडायची पाळी त्यांच्या शहरात कुणावर आली नव्हती. घशात ती एकच हाक होती, आणि ती ऐकून माणसं हसत होती. पायाच्या बोटांना गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. पाणी चाकाला वळसा घालून पुढं गेलं होतं.

ते गाडीत चढले. महामायाच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं.

"माया, उठ बाई. पाठीवर ये."

"आबा, आली का शाळा?"

"गळ्याला धर. घट्ट. सोडायचं न्हाई."

चराच्या काठाशी ते थांबले. पोहणं त्यांना येत नव्हतं. लातुरात कुणी कुठं पोहायचं? चावी पुढे टाकून त्यांनी तळ चाचपला, चेंबरमधला गाळ चाचपावा तसा. गुडघा. एक पाऊल. मांडी. एक पाऊल. पाणी दिसायला स्थिर होतं, पण आतून ते त्यांना खाडीकडं ओढत होतं. पायाखालची वाळू पायाखालून निघून जात होती.

"आबा, माझी चप्पल राहिली."

"राहू दी."

"आबा, तुमी रडायलात का?"

कंबर. चावी रुतली, उपसली, पुन्हा रुतली. एकदा पाय सुटला आणि खारट पाणी नाकातोंडात गेलं. दांडा दोन्ही हातांनी धरून ते तसेच लटकले. मायानं गळा इतका आवळला की श्वास अडला.

नळावर धुरपताबाई लुगडं पिळता पिळता थांबल्या होत्या.

"संघपाल, ही हाक तशी न्हाई."

"कशी?"

"शेवटाला लांबवलं न्हाई त्येंनी. तोडलं." त्यांनी लुगडं टाकलं. "आरं, तोडलं त्येंनी!"

आणि त्या पळत सुटल्या, साठीची बाई, नारळाच्या झापांवरून अनवाणी. मागून बादल्या आपटल्या. संघपाल पाण्यात शिरला तेव्हा ते त्याच्या छातीला लागत होतं. त्यानं मायाला उचललं, विशाखाच्या हातात दिलं, पुन्हा वळला. व्यंकटरावांचे हात दांड्यावरून सोडवावे लागले. एकेक बोट.

पांढऱ्या दगडापाशी पाचही जण बसून राहिले. दुपारी एकपर्यंत घरगाडीच्या खिडक्या तेवढ्या वर दिसत होत्या. ताडपत्री फाटून वाहत गेली. खुर्च्या गेल्या. वरच्या बाकावरची उशी खिडकीतून बाहेर आली आणि हळूहळू पुढं निघाली. तिच्याकडं बघता बघता विशाखा सासऱ्यांच्या पायाशी सरकली.

"मामा, आमी हसलो वो."

संध्याकाळी समुद्र पुन्हा लांब गेला, आणि संघपाल गाडी ओढायला ट्रॅक्टर बघायला गेला. व्यंकटरावांनी समुद्राकडं पाठ केली.

लातुरात त्यांच्या गल्लीला दहाव्या दिवशी पाणी. नवा व्हॉल्वमन मोटारसायकलवर येतो, चावी फिरवतो, निघून जातो. हाक अजून व्यंकटरावच घालायचे. कोकणातून परतल्यावरच्या पहिल्या पाळीलाही ते वेळेवर उंबऱ्यात आले. चावी फरशीला टेकवून ऐकलं. निघालं होतं, आपलं पातळ, खोकत खोकत येणारं पाणी. त्यांनी छाती भरली.

त्यांच्या आधी समोरच्या केवळाबाईच ओरडल्या, "पानी आलं गंऽ!"

आत माया खाटेच्या कडेला पाय सोडून चित्र रंगवत बसली होती. हाक आली तशी तिनं पटकन दोन्ही पाय वर घेतले. फ्रॉकखाली लपवले. खाली फरशीकडं पाहिलं. मग रंगवू लागली.

व्यंकटरावांनी श्वास सोडून दिला.

चावी उचलून ते गल्लीत उतरले आणि पहिल्या दारावर तिच्या टोकानं ठकठक केलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. बाया घागरी घेऊन बाहेर येत होत्या.

"काय वो व्यंकटराव, घसा बसला का?" केवळाबाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दाराशी गेले. गल्लीच्या टोकापर्यंत एकही घर सोडलं नाही. परत आले तेव्हा धुरपताबाई घागर भरत होत्या, तोंडात ओवी नव्हती. माया अजून पाय वर घेऊनच बसली होती.

व्यंकटरावांनी चावी दाराआड उभी केली, घागरीतून सांडलेलं थोडं पाणी फडक्यानं पुसून घेतलं आणि खाटेपुढची फरशी कोरडी होईपर्यंत ते पुसत राहिले.