देवीचे वण

राहीबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणूनच की काय, तिचं एकुलतं एक खोटं इतकं झकास वठलं.

लेक लंका वयात आली तशी गालांवर मुरमं उठली आणि जाताना खड्डे ठेवून गेली. हळद झाली, जायफळ झालं, मसुराची डाळ वाटून झाली. पोरीच्या तोंडाला तेवढा मसाल्याच्या डब्याचा वास यायला लागला. श्रीगोंद्याकडचं स्थळ आलं तेव्हा मुलाची आई चांगुणाबाई तिच्याकडं टक लावून बघत म्हणाली, "रगत नासलंय का काय पोरीचं?"

"न्हाई वो," राहीबाईच्या तोंडून निघून गेलं, "ल्हानपनी देवी आल्या हुत्या."

चांगुणाबाईनं लगेच हात जोडले. नासक्या रक्ताची सून नको होती. पण देवीआईनं बोट टेकलेली म्हणजे भाग्यच. लग्न झालं.

जावई गोरक्ष नागापूरला वर्कशॉपात होता. कुणाकडून तरी त्यानं ऐकलं, गालावरचे खड्डे आता डॉक्टर बुजवतात. लंका माहेरी आली ती आईला घेऊन श्रीरामपूरला कातडीच्या डॉक्टरकडं गेली.

डॉक्टरांनी तिचा गाल खिडकीकडं वळवून पाहिला. "पुण्याला मशीनच्या ब्रशनं वरची कातडी खरवडतात. बरेच दिवस तोंड सोललेलं राहतं. आपल्या रंगावर काळे डागही पडू शकतात. दुसरं म्हणजे ॲसिड लावून साल काढतात, धोका तोच. फार खोल खड्डा असला तर कापून टाका घालतात. साफ सपाट नाही होणार, पण निम्मं भरून येईल. देवीचे वण असते तर एवढीही आशा दिली नसती. हे मुरमाचे आहेत."

"निम्मं का व्हईना," लंका म्हणाली. एसटीत सारा वेळ ती खिडकीच्या काचेत गाल बघत होती.

राहीबाई तिला सासरी पोचवायला गेली. गोरक्षनं विषय काढला तशी चांगुणाबाई कडाडली, "आईनं बोट टेकलंय तितं मशीन फिरवायचं? डोस्कं फिरलंय का तुजं?"

लंकानं आईकडं पाहिलं. राहीबाईनं पदर सारखा केला. "सासूबाई म्हंत्यात ते खरं हाय, बाई," ती म्हणाली आणि तहान नसताना पाणी मागितलं.

निघताना लंका दारापर्यंत आली. "आये, येवढं एक खरं बोलली असतीस."

"आन् त्येंनी तुला परत धाडली असती म्हंजी? खड्ड्याच्या तोंडानं का व्हईना, नांदतीस ना!"

देवीची साथ तेव्हा अजून येत असे; उन्हाळ्यात त्या घरात लंकाच्या जावेच्या पोरीला खरोखरच देवी आल्या. चांगुणाबाईनं बाकीच्यांना लांब ठेवलं. "लंका बसंल पोरीपाशी. एकदा येऊन गेल्या की परत येत न्हाईत." बोलणं खोटं नव्हतं. पण लंकाला देवी आल्या नव्हत्या आणि लस टोचून कुणी काढल्याही नव्हत्या; देवी काढणारा गावात आला की राहीबाईच तिला कणगीआड दडवायची.

लंकानं कडुनिंबाचा डहाळा घेतला आणि बसली. नाही म्हणायचं तर आईला खोटं पाडावं लागलं असतं.

पोरगी उठून खेळायला लागली आणि लंका पडली.

निरोप मिळून राहीबाई पोचली तेव्हा ताप उतरला होता, खपल्या धरल्या होत्या. कपाळ, नाक, हनुवटी, पापण्यासुद्धा. जागा म्हणून उरली नव्हती. चांगुणाबाई हात जोडून उभी होती. "तुमच्या लेकीला दोनदा बोट लावलं आईनं. असं कुनाला लावत न्हाई."

"पयल्यांदा न्हवतं लावलं," राहीबाईचा बांध फुटला. "मुरमं हुती ती, विहीनबाई. म्या खोटं बोलले."

चांगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काळजीनं बोलताय तुमी. च्या टाकते, बसा."

ती आत गेली. लंकानं भिंतीकडं तोंड केलं.

"ऱ्हाऊ दे आये. आता खरंच झालं."

राहीबाईनं डहाळा उचलला आणि वारा घालत बसली. लेकीच्या गालाला हात लावायची तिला हिंमत होईना.