सुई दोघांनाही

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. शहागंजातल्या काकासाहेब डॉक्टरांच्या दवाखान्यात, पत्र्याच्या डबीत पडून असते. दट्ट्या घट्ट बसलाय, अंगावरचे आकडे पुसट झालेत.

मित्रांनो, १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दहाएक वर्षांनी मी इथं आले. प्रत्येक रोग्याआधी मला स्टोव्हवर उकळत. पेनिसिलिनमुळे लोक बरे होत आणि कौतुक माझ्याही वाट्याला येई.

एकदा पिशोरकडचा मेंढपाळ केरबा बायकोला, पुतळाबाईला, घेऊन आला. तिची दोन बाळं पोटातच गेली होती आणि आता पुन्हा चौथा महिना होता. हेही गेलं तर तिला कायमचं माहेरी धाडायचं, असं सासूनं ठरवून टाकलं होतं. नवस, गंडेदोरे सगळे करून झाले होते. मी तिच्या दंडातून रक्त काढलं. तपासणीत गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. शरीरसंबंधातून एकाची दुसऱ्याला लागते ती.

काकासाहेबांनी केरबाला विचारलं, "गुप्त जागी कधी फोड आला होता?"

"लग्नाआधी. सिल्लोडच्या बाजारला जायचो तवा. कवाच सुकला की! मला काय बी नाय. सुई हिला द्या."

"फोड सुकतो, रोग रक्तात राहतो. सुई दोघांनाही लागेल. नाहीतर ही बरी होऊन तुझ्याकडून पुन्हा घेईल."

केरबा तणतणत दाराकडे निघाला. मी औषध भरून तशीच ताटात पडले होते. मला त्याचा मनस्वी राग आला.

तेव्हा पुतळाबाई म्हणाली, "एका मेंढीला खरूज झाली तर तुमी अख्खा कळप औषधानं धुता नं? मंग? आधी तुमी घ्या. नायतर मी बी घेत नाय."

केरबा मागं फिरला. लांडग्यामागं धावणारा गडी, पण सुई टोचताच "आई गं" म्हणाला. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू?

आठवड्याला एक, अशा प्रत्येकी तीन सुया दोघांनी घेतल्या. भादव्यात मुलगी झाली. धडधाकट आणि लई रडकी. सहा महिन्यांनी तिचं रक्त मीच काढलं, त्यात रोग नव्हता. सासूनंच तिला मांडीवर धरलं होतं.

पुढं एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या. ते बरंच झालं. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. असला आजार झाला तर मात्र लपवू नका आणि बाईला एकटीला दोष देऊ नका. पुतळाबाईची पहिली दोन बाळं मी कधी पाहिलीच नाहीत. त्यांच्या वेळी दोघांपैकी कुणीच दवाखान्यात आलं नव्हतं.