ढकलाकाका

“ओढू नका बाई, ढकला!”

बाईंनी तरीही दांडा दोनदा ओढलाच. काचेचे दार खडखडले, हलले नाही. मग त्या ओशाळून हसल्या, दार ढकलून आत गेल्या.

हाडांच्या त्या दवाखान्यात त्याची नेमणूक रखवालदाराची होती. पण राखण्यासारखे तिथे फारसे काही नव्हते. दिवसभर तो एकच शब्द बोलायचा, म्हणून कंपाउंडरपासून पेशंटांपर्यंत सगळे त्याला ढकलाकाका म्हणायचे. दारावर ‘ढकला’ अशी पाटीही होती. ती कुणी वाचत नसे.

आज मात्र त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. समोरच्या फुटपाथवर त्याची मुलगी मोबाइल रोखून उभी होती.

सकाळी चहा पिताना तिने विचारले होते, “बाबा, कपाला कान कशाला असतो?”

“धरायला. हे शिकवतात होय तुमच्या कॉलेजात?”

“हेच शिकवतात. कान दिसला की बोटं आपोआप तिकडे जातात. आता आपली बटणं बघा. पंखा लावायला जावं तर दिवा लागतो. सगळी सारखी, एका ओळीत. चूक आपली नसते, मांडणीची असते.”

“हे आधी तुझ्या आईला सांग. ती मलाच वेंधळा म्हणते.”

ती खळखळून हसली. मग म्हणाली, “रोजच्या वापरातली एक फसलेली वस्तू शोधून सुधारायचीय. मी तुमचं दार घेतलंय. दांडा दिसला की माणूस ओढणारच ना! बाहेरून दांडा काढायचा, तिथं सपाट पत्रा लावायचा. संपलं. मग पाटी नको, की सांगणारा…”

त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

“साहेबांपुढे बोलू नकोस हे,” तो म्हणाला. “या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?”

“नाही बोलणार. नुसते फोटो काढते.”

आणि आता मॅनेजर बाहेर आला. “ए मुली, कसले फोटो चाललेत? आत ये जरा.”

त्यांच्यामागे दार मिटले. काचेतून दिसत होते सगळे, ऐकू काहीच येत नव्हते. मॅनेजर हातवारे करत होता. मुलीचे ओठ हलले. तिने बोट दाखवले. दाराकडे? की बाकांकडे? दाराशेजारच्या काचेला नाक टेकेपर्यंत तो पुढे झुकला.

मागे काठीचा आवाज झाला. त्याने तो ऐकलाही. पण शब्द तोंडातून निघायला उशीर झाला.

एका म्हाताऱ्याने दांडा धरून जोरात हिसडा दिला. हात निसटला, काठी घसरली आणि तो पायरीवर मागच्या मागे कोसळला.

आतले सगळे धावले. म्हाताऱ्याच्या कोपरातून रक्त येत होते. “माझाच धांदरटपणा हो,” तो कण्हत म्हणाला. “साधं दार कळलं नाही मला.”

“काका, लक्ष कुठं होतं तुमचं?” मॅनेजर खेकसला.

त्याच्या मागे मुलगी उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिने शब्द पाळला होता, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. दांड्याकडे बघत होती.

त्याने वाकून म्हाताऱ्याला आधार दिला. “आजोबा, चूक तुमची नाही.” मग मान वर न करताच तो म्हणाला, “साहेब, हा दांडाच चुकीचा आहे. दिसला की माणूस ओढणारच. बाहेरून काढून टाका तो. सपाट पत्रा लावा.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“माझ्या मुलीनं. ही काय.”

मॅनेजरने दाराकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. “आणि मग काका, तुम्ही काय करणार इथं?” त्याने हे टोचून विचारले नव्हते, त्याला खरेच प्रश्न पडला होता.

“बाबा…” मुलगी पुटपुटली.

“आजोबांचा दुसरा हात धर,” तो म्हणाला.

शनिवारी सुताराने पत्रा बसवला. सोमवारपासून येऊ नका, हे मॅनेजरने फार हळू आवाजात सांगितले.

संध्याकाळपर्यंत तो दाराशेजारी उभा राहिला. माणसे येत, पत्र्यावर तळवा टेकवत, आत जात. हाताला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी खांद्याने दार लोटून गेली. कुणी अडखळले नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याचे ओठ मात्र दर वेळी हलत होते.

निघताना त्याने पत्र्याकडे पाहिले. दिवसभरातल्या तळव्यांचे ठसे एकावर एक उमटले होते, सगळे नेमके एकाच जागी. त्याने खिशातून रुमाल काढला, पत्र्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो लख्ख पुसून ठेवला.